नाव्हाहोंच्या मुलुखांतील एक रहस्यकथा



रहस्यकथा वाचणें हा आपल्याकडे बराच काळ चोरून करावयाचा उद्योग मानला गेला. मुलें ती पाठ्यपुस्तकाखालीं दडवून वाचतात आणि वडील माणसें वर्तमानपत्राच्या आड धरून वाचतात. मी आयुष्यभर शाळामास्तर होतों. वर्गांत सांपडलेलीं असलीं पुस्तकें जप्त करण्याचा अधिकार मला होता. आणि खरें सांगावयाचें तर तीं परत करण्यापूर्वी वाचून काढण्याची संवयही मला तेथेंच जडली. आज ज्या कादंबरीविषयीं मी बोलणार आहें ती मात्र जप्तीच्या मालांतील नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती मला आपण होऊन आणून दिली. देतांना तो हंसत म्हणाला, "गुरुजी, आपण आम्हांला एकदां एक गोष्ट चुकीची सांगितली होती. तिचा खुलासा ह्यांत सांपडेल."

ती गोष्ट मीही विसरलों नव्हतों. उत्तर अमेरिकेचा भूगोल शिकवीत असतां तेथील मूळच्या रहिवाशांचा उल्लेख आला. पुस्तकांत त्यांच्याविषयीं चारदोन ओळी होत्या. मागच्या बाकावरील एका मुलानें उठून विचारलें, "ते लोक आतां कोठें आहेत?" उत्तर पुस्तकांत नव्हतें आणि माझ्याजवळही नव्हतें. पण मास्तरानें ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणावयाचें नसतें, अशी माझी त्या काळची समजूत! मी म्हणालों, "ते आतां राहिले नाहींत. संपले." आणि फळ्याकडे वळून पुढचा मुद्दा लिहूं लागलों. प्रश्न विचारणारा मुलगा तो हाच.

कादंबरीचें नांव ‘ए थीफ ऑफ टाइम’, म्हणजे ‘काळाचा चोर’. तिचे लेखक टोनी हिलरमन. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तेव्हां कोश शेजारीं ठेवून मीं ती सावकाश वाचली. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या कादंबरीचे नायक नाव्हाहो जमातीच्या पोलीसदलांतील दोन अंमलदार आहेत. ते भाले घेऊन धांवत नाहींत. ते मोटारी हांकतात, अहवाल लिहितात, वरिष्ठांचीं बोलणीं खातात आणि पगाराची वाट पाहतात. मीं ज्यांना एका शब्दांत संपविलें होतें, ते लोक येथें चक्क नोकरीवर हजर होते!

कथेकडे वळण्यापूर्वी तिच्या भूमीची ओळख करून घेऊं. ‘रिझर्व्हेशन’ हा शब्द आपल्या कानाला परका नाहीं. पण त्यानें आपल्याला आगगाडींतील जागा आठवते. अमेरिकेंत त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. मूळच्या लोकांशीं झालेल्या तहांनीं किंवा सरकारी हुकुमांनीं त्यांच्यासाठीं राखून ठेवलेला मुलूख म्हणजे रिझर्व्हेशन. अशा मुलुखांत नाव्हाहोंचा सर्वांत मोठा. अॅरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा ह्या तीन संस्थानांत तो पसरलेला असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें २७,००० चौरस मैल आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून तो थोडाच लहान. बहुतेक प्रदेश उंच, कोरडा आणि तांबड्या खडकांचा. विंडो रॉक ही त्याची राजधानी. तेथें त्यांचें प्रतिनिधिमंडळ आहे, न्यायालय आहे, पोलीसांची कचेरी आहे. हे लोक स्वतःस ‘दिने’ म्हणवितात. त्याचा अर्थ ‘लोक’ असाच आहे. २०२१ सालीं त्यांच्या सभासदांची नोंद ४ लक्षांच्या घरांत गेली होती.

हा मुलूख त्यांच्याकडे राहिला त्यामागें मोठें दुःख आहे. १८६३ सालीं अमेरिकन सरकारनें किट कार्सन ह्याच्या हाताखालीं त्यांच्यावर फौज पाठविली. पिकें जाळण्यांत आलीं, मेंढरें मारण्यांत आलीं, फळबागा तोडण्यांत आल्या. उपासमारीनें शरण आलेल्या हजारों बायकामुलांना सुमारें ३०० मैल पायीं चालवीत पूर्वेकडील बॉस्के रेडोंडो ह्या रुक्ष जागीं नेऊन ठेवलें. तेथें पाणी खारट, पीक बुडालेलें आणि साथी चाललेल्या. अखेरीस १ जून १८६८ रोजीं तह झाला आणि त्यांना आपल्या जुन्या मुलुखाच्या एका भागांत परत जाण्याची परवानगी मिळाली. त्या पायपिटीची आठवण त्यांच्या घराघरांतून आजही सांगितली जाते.

आतां हिलरमन ह्यांच्याविषयीं. त्यांचा जन्म १९२५ सालीं ओक्लाहोमा संस्थानांतील एका खेड्यांत झाला. लहानपणीं ते ज्या शाळेंत जात ती मुळांत पोटावाटोमी जमातीच्या मुलींसाठीं काढलेली होती. त्यामुळें मूळचे अमेरिकन म्हणजे शाळेंतले सोबती, हीच त्यांची पहिली ओळख. दुसऱ्या महायुद्धांत ते युरोपांत लढले. स्फोटांत दोन्ही पाय मोडले, चेहरा भाजला आणि कांहीं काळ दृष्टीही गेली. १९४५ सालीं रजेवर असतांना तेल-विहिरींचें सामान भरलेली मालमोटार हांकीत ते नाव्हाहोंच्या मुलुखांत आले. तेथें त्यांना घोड्यांवर बसलेली, समारंभाचा वेष केलेली मंडळी रस्ता ओलांडतांना दिसली. चौकशी करतां कळलें कीं पॅसिफिक महासागरावरील लढाईंतून परतलेल्या दोन नाव्हाहो सैनिकांसाठीं एक विधि चालला आहे.

हा विधि काय? युद्धांत माणूस शत्रूच्या सहवासांत येतो, रक्त पाहतो, प्रेतें पाहतो. त्यायोगें त्याच्या मनाची घडी विस्कटते, असें नाव्हाहो मानतात. तो घरीं परतला कीं त्याचे नातलग जमतात, कित्येक दिवस गाणीं व विधि चालतात, आणि त्याला पुन्हां आपल्या माणसांत, आपल्या डोंगरांत, आपल्या नित्याच्या जीवनांत आणून बसविलें जातें. ह्या सुसंगत, सुंदर, समतोल अवस्थेला त्यांच्या भाषेंत ‘होझो’ असा शब्द आहे. स्वतः जखमी होऊन आलेल्या वीस वर्षांच्या तरुणाच्या मनांत हें दृश्य किती खोल गेलें असेल, ह्याची कल्पना करा. युद्धावरून आलेल्या सैनिकाला पदक देतात, निवृत्तिवेतन देतात. परंतु त्याचें मन परत जागेवर आणणें हें साऱ्या गोताचें काम आहे, असें समजणारे लोक त्यानें प्रथम येथें पाहिले. पुढें हिलरमन वृत्तपत्रांत गेले, नंतर न्यू मेक्सिको विद्यापीठांत वृत्तव्यवसाय शिकवूं लागले, आणि १९७० सालीं त्यांची पहिली नाव्हाहो रहस्यकथा बाहेर पडली. हस्तलिखित पाहून त्यांच्या मध्यस्थानें सल्ला दिला होता कीं ‘त्यांतील इंडियनांचा भाग काढून टाका’! तो त्यांनीं मानला नाहीं. अशा एकंदर १८ कादंबऱ्या त्यांनीं लिहिल्या. २००८ सालीं ते निवर्तले.

आतां ‘काळाचा चोर’. न्यू मेक्सिकोंत चाको नांवाची दरी आहे. इसवी सनाच्या सुमारें ८५० पासून पुढें तीन शतकें तेथें एका फार कुशल जमातीनें दगडी वसाहती बांधल्या. त्यांपैकीं ‘प्वेब्लो बोनीतो’ ह्या एकाच इमारतींत ६०० हून अधिक खोल्या होत्या. बाराव्या शतकांत बांधकाम थांबलें आणि लोक हळूहळू दरी सोडून गेले. १९०७ सालीं अमेरिकन सरकारनें ही दरी संरक्षित केली आणि १९८७ सालीं जागतिक वारशांत तिची गणना झाली. कादंबरींतील एक विदुषी ह्या लोकांच्या मडक्यांचा अभ्यास करीत आहे. फुटक्या खापऱ्यांवरील रेषा वर्षानुवर्षें पाहून तिला एकाच कुंभारणीचा हात ओळखूं येऊं लागला आहे. ती कुंभारीण चाको सोडून कोठें गेली? तिचीं मडकीं दुसरीकडे सांपडलीं तर एका गेलेल्या समाजाची वाट सांपडेल! ह्या शोधासाठीं ती एका रात्रीं निर्जन दरींत शिरते. तेथें पाण्याच्या कांठीं लहान लहान बेडूक दोऱ्यांनीं बांधून ठेवलेले तिला दिसतात. ते कोणी बांधले? त्यानंतर ती बेपत्ता होते.

दुसरीकडे तरुण पोलीस जिम ची ह्याच्या डोळ्यांदेखत सरकारी आवारांतून माती उकरण्याचें यंत्र चोरीस जातें. आपल्याकडे ज्याला सर्रास जेसीबी म्हणतात त्यांतलेंच तें. त्या यंत्राचा माग काढतां काढतां त्याला एक उकरलेलें प्राचीन स्थान आढळतें. तेथें मडकीं आहेत, विखुरलेलीं जुनीं हाडें आहेत, आणि गोळ्या लागून पडलेले दोन नवे मुडदेही आहेत. त्यांतील एक नाव्हाहो आहे.

येथें कादंबरीच्या नांवाचा उलगडा होतो. जुनीं मडकीं उकरून विकणारे हे लोकच काळाचे चोर. एखादें मडकें जमिनीच्या कोणत्या थरांत, कशाशेजारीं, कोणाच्या उशाशीं होतें, ह्यावरून अभ्यासक त्याचें वय आणि त्याच्या मालकाचें जीवन वाचतो. तें उपसून काढलें कीं तें मडकें उरतें, पण त्याची हकीकत नाहींशी होते. मीं शाळेच्या ग्रंथालयांत एक दृश्य कित्येकदां पाहिलें आहे. चित्र आवडलें म्हणून कोणी पान फाडून नेतो; चित्र त्याच्या भिंतीवर शोभतें, आणि पुस्तक मात्र सर्वांना निरुपयोगी होतें. अमेरिकेंत ह्या चोरीविरुद्ध १९०६ सालीं पहिला कायदा झाला आणि १९७९ सालीं अधिक कडक कायदा आला. तरीही श्रीमंत संग्राहकांच्या पैशांमुळें उकराउकर चालूच राहिली. कादंबरी हा सर्व व्यापार उलगडून दाखविते. उकरणारा गरीब असतो, मधला दलाल सावध असतो आणि विकत घेणारा प्रतिष्ठित असतो.

मग पोलिसांनीं गुन्हेगारास पकडावें, इतकें साधें हें काम कां नाहीं? कारण ह्या मुलुखांत प्रथम ‘हा गुन्हा कोणाचा?’ हा प्रश्न सोडवावा लागतो. १८८१ सालीं दूर उत्तरेकडील लाकोटा जमातींत क्रो डॉग नांवाच्या मनुष्यानें एका नायकाचा वध केला. दोन्ही घराण्यांनीं आपल्या रीतीप्रमाणें बसून तडजोड केली. ६०० डॉलर, आठ घोडे आणि एक कांबळें मृताच्या नातलगांना दिलें, आणि वैर मिटलें. सरकारी न्यायालयानें मात्र त्याला फांशीची शिक्षा फर्माविली. १८८३ सालीं सर्वश्रेष्ठ न्यायालयानें ती रद्द केली. जमातीच्या आपसांतील गुन्ह्यावर आपला अधिकार नाहीं, असें त्यानें सांगितलें. त्यावर काँग्रेसनें १८८५ सालीं कायदा करून खुनासारखे मोठे गुन्हे मध्यवर्ती सरकारच्या हातीं घेतले. त्यामुळें आतां राखीव मुलुखांत खून झाला कीं एफ. बी. आय. चा माणूस येतो. त्याला भाषा येत नाहीं, वाटा ठाऊक नसतात. आणि ज्याला त्या ठाऊक असतात तो नाव्हाहो पोलीस त्याच्या मागें उभा राहतो.

एवढ्यानें भागत नाहीं. १९७८ सालच्या निकालानें ठरलें कीं जमातीच्या न्यायालयाला परक्या मनुष्यावर फौजदारी खटला चालवितां येत नाहीं. ह्या नियमाला २०१३ आणि २०२२ सालच्या कायद्यांनीं कांहीं अपवाद जोडले. मुलुखांतील सरकारी रस्त्यावर परक्या संशयिताला थांबवून तात्पुरतें अडकवून ठेवण्याचा जमातीच्या पोलिसाचा अधिकार सर्वश्रेष्ठ न्यायालयानें २०२१ सालीं मान्य केला. चाकोच्या आसपास तर जमिनीचा बुद्धिबळाचा पट झाला आहे. एक घर जमातीचें, शेजारचें मध्यवर्ती सरकारचें, पलीकडचें खाजगी. प्रेत कोणत्या घरांत पडलें आहे, ह्यावर तपास कोणी करावयाचा तें ठरतें!

अशा स्थितींत नाव्हाहो पोलिसाच्या हातीं अधिकार थोडा आणि जबाबदारी मोठी. त्याचें खरें भांडवल म्हणजे त्याचें ज्ञान. आणि ह्या कादंबरीचें मर्म मला येथें दिसलें. वयस्क अधिकारी जो लीपहॉर्न चौकशीला जातो तेव्हां घरासमोर मोटार उभी करून आंतच बसून राहतो. नाव्हाहोंचें पारंपरिक घर म्हणजे होगान. त्याचें दार पूर्वेला. पाहुण्यानें एकदम दार ठोठावणें हा तेथें उर्मटपणा. घरच्या माणसांना स्वतःस सांवरण्यास, चूल पाहण्यास, मग बाहेर येण्यास वेळ द्यावयाचा. बाहेरचा अधिकारी दार ठोठावतो, घाईघाईनें दहा प्रश्न विचारतो आणि रिकाम्या हातीं परततो. लीपहॉर्न वाट पाहतो. भेट झाल्यावर प्रथम तो आपल्या आईचें कूळ सांगतो, मग वडिलांचें. नाव्हाहो मूल आईच्या कुळांत जन्मतें, आणि त्या कुळांतील मनुष्याशीं त्याचें लग्न होत नाहीं; गोत्र पाहून सोयरीक करणाऱ्या आपल्या श्रोत्यांना ह्यांत नवल वाटणार नाहीं, मात्र गोत्र येथें आईकडून येतें हें ध्यानांत ठेवावें. कुळें सांगतां सांगतां कोठेंतरी नातें निघतें, आणि मग बोलणें सुरू होतें. दुसरा बोलत असतां मध्येंच तोंड घालावयाचें नाहीं. तो थांबला तरी त्याचें संपलें असें समजावयाचें नाहीं. पुष्कळदां महत्त्वाची गोष्ट त्या शांततेनंतर येते. मीं आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारून तीन सेकंदांत ‘बस खालीं’ म्हटलें. हें वाचतांना मला ओशाळल्यासारखें झालें.

मृतांविषयींची भावनाही तपासाचा धागा बनते. मनुष्य मेल्यावर त्याच्यांतील विसंगत, अपायकारक असा अंश मागें राहतो, असें परंपरानिष्ठ नाव्हाहो मानतात. म्हणून घरांत मृत्यु झाला तर तें होगान सोडून देत असत, आणि प्रेताजवळ जाणें कटाक्षानें टाळीत. हें आपल्या सुतकासारखें वाटेल. पण सुतक दिवसांनीं फिटतें, हें भय जागेला चिकटून राहतें. ह्या लोकांतील एक मनुष्य पुरातन हाडांमध्यें फावडें चालवितांना मारला गेला. एफ. बी. आय. ला तो केवळ एक मृत इसम आहे. ची मात्र स्वतःशीं विचारतो कीं ह्याची ही भीड मोडली तरी कशी? त्या प्रश्नापासून त्याचा तपास पुढें सरकतो.

दोघे नायकही एकसारखे नाहींत. लीपहॉर्न कार्यकारण शोधणारा. भिंतीवर नकाशा, त्यावर टांचण्या. ची तर्क जाणतो, परंतु त्याला पोलीसगिरी संभाळून परंपरागत गायक, म्हणजे विधि करणारा वैद्य व्हावयाचें आहे. ही कादंबरी सुरू होते तेव्हां लीपहॉर्नची पत्नी एमा नुकतीच वारली आहे. त्यानें राजीनामा दिला आहे आणि शेवटची रजा चालू आहे. बेपत्ता विदुषीचा शोध तो हातीं घेतो तो कर्तव्य म्हणून नव्हे. रिकाम्या घरांत बसवत नाहीं म्हणून. त्या शोधांत वीस वर्षांपूर्वी अपुरा राहिलेला एक जुना तपासही जागा होतो.

खुनी कोण, हें मी सांगणार नाहीं. नाहींतर आपण मला क्षमा करणार नाहीं. इतकेंच सांगतों कीं खुनी सांपडल्यावर ही कथा संपत नाहीं. इतर रहस्यकथांत बेड्या पडल्या कीं दिवा मालवतात. वाईट वागणाऱ्याविषयीं नाव्हाहोंत असें म्हणतात कीं तो जणूं आपल्याला कोणी नातलग नसल्यासारखा वागतो. गुन्ह्याची ही व्याख्या मान्य केली, तर नुसत्या शिक्षेनें काय होणार? जें तुटलें तें सांधावें लागतें. नाव्हाहोंनीं १९८२ सालीं आपल्या न्यायव्यवस्थेंत समेट घडवून आणणारी एक शाखाच उघडली, ती ह्याच विचारानें. आणि कादंबरीच्या शेवटीं हा तर्कनिष्ठ, विधींविषयीं उदासीन असलेला लीपहॉर्न तरुण चीला विचारतो कीं तूं माझ्यासाठीं कल्याणाचा विधि गाशील काय? मंत्रतंत्राविषयीं दोघांचें कधीं जमलें नव्हतें. गुन्हेगाराचा हिशेब झाला. आतां दुःखानें विस्कटलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला होझोमध्यें परत आणावयाचें आहे. हिलरमन ह्यांनीं १९४५ सालीं रस्त्याच्या कडेला जें पाहिलें, तें येथें पुन्हां आलें आहे.

एक आक्षेप मात्र सांगितला पाहिजे. लेखक स्वतः नाव्हाहो नव्हते. दुसऱ्याच्या पवित्र गोष्टी रहस्यकथेंत आणाव्या काय, असा प्रश्न कित्येक नाव्हाहो वाचकांनीं विचारला आहे, आणि तो रास्त आहे. उलट बाजूस, १९८७ सालीं नाव्हाहोंच्या प्रतिनिधिमंडळानें हिलरमन ह्यांना ‘दिने लोकांचा विशेष मित्र’ म्हणून गौरविलें, हेंही खरें. काळ पुढें गेल्याची खूण एका शब्दांतही दिसते. चाकोच्या जुन्या रहिवाशांना कादंबरींत ‘अनासाझी’ म्हटलें आहे. तो नाव्हाहो भाषेंतला शब्द. त्यांत परक्यांचे, शत्रूंचे पूर्वज असा भाव आहे. त्या रहिवाशांचे वंशज असलेल्या प्वेब्लो लोकांना तो रुचत नाहीं. म्हणून अभ्यासक आतां ‘प्वेब्लोंचे पूर्वज’ असें म्हणतात. ते कुंभारही संपले नव्हते. त्यांचे वंशज आजही मडकीं घडवितात.

पुस्तक परत करावयास तो विद्यार्थी आला तेव्हां मीं त्याला म्हटलें, "तुझा प्रश्न बरोबर होता. माझें उत्तर चुकलें." तो म्हणाला, "गुरुजी, तें मला तेव्हांच वाटलें होतें." मग विचारण्याचें धाडस कां केलें नाहींस, असें मीं त्याला विचारणार होतों, पण मींच त्या दिवशीं पाठ फिरवून फळ्यावर लिहूं लागलों होतों, हें आठवलें आणि मी गप्प राहिलों. ज्या वर्गाला मीं तें उत्तर दिलें त्यांतील आणखी कोणी आज ऐकत असतील, तर त्यांनीं आपल्या वहींतील ती ओळ खोडावी आणि तिच्या जागीं लिहावें कीं ते लोक आहेत. विंडो रॉक येथें आहेत, आपल्या डोंगरांत आहेत, आणि रात्रपाळीवर मोटार हांकीत आहेत.